संगणकातील लस आणि सालेकशातील रोगी

कावीळ म्हटली की पिवळे डोळे, पिवळी लघवी, तोंडाची गेलेली चव आणि अंगातले हरपलेले त्राण असे चित्र आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. आमच्या या झाडीपट्टीत तिला पिलिया म्हणतात. पिलिया झाला की कोणी गळ्यात माळ घालतो, कोणी झाडपाल्याचा रस पाजतो, कोणी मंत्राने तो उतरवितो; आणि महिन्या-पंधरा दिवसांनी रोगी उठून पुन्हा धानाच्या बांधीत उभा राहिला की त्या माळेचा महिमा पंचक्रोशीत गाजू लागतो. खरी गोष्ट अशी आहे की, दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई या प्रकारांची कावीळ बहुधा आपल्या पायांनी येते आणि आपल्याच पायांनी निघून जाते. गरोदर स्त्रीस मात्र ई प्रकार प्राणघातक ठरू शकतो, आणि तेथे माळेवर विसंबणे म्हणजे जिवाशी खेळ होय. परंतु आज आम्हांस या काविळींविषयी लिहावयाचे नाही. याच कुळातली दोन भावंडे अशी आहेत की, ती येताना दार वाजवीत नाहीत आणि एकदा घरात शिरली की पुष्कळदा बाहेर पडत नाहीत. हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी ही त्यांची नावे. ती रक्तातून येतात, न उकळलेल्या सुईतून येतात, शरीरसंबंधातून येतात. आणि बी प्रकार तर जन्माच्या क्षणी मातेकडून बालकाकडे जातो. वीस-वीस, तीस-तीस वर्षे माणूस धडधाकट दिसतो, रोवणी करतो, तेंदूपाने तोडतो, गिरणीत पोती उचलतो. आणि आत यकृत मात्र हळूहळू दगडासारखे घट्ट होत जाते. पोटात पाणी साठते किंवा रक्ताची उलटी होते तेव्हा घरच्यांना प्रथम कळते की, आपल्या माणसाला काही झाले होते. तोपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

हे संकट थोडेथोडके नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लक्ष लोक हिपॅटायटिस बी घेऊन आणि ५ कोटी लोक हिपॅटायटिस सी घेऊन जगत होते. वर्षाकाठी तेरा लक्ष माणसे या रोगाने दगावतात. यापैकी आपल्या एकट्या भारतात बी प्रकाराचे रुग्ण २ कोटी ९८ लक्ष आणि सी प्रकाराचे ५५ लक्ष असावेत, असा त्या संघटनेचा अंदाज आहे. या प्रचंड समुदायातील बहुसंख्यांना आपण रोगी आहोत हे ठाऊकच नाही.

यांपैकी सी प्रकारावर विज्ञानाने निर्णायक विजय मिळविला आहे. सोफोसबुवीर हे औषध २०१३ साली बाजारात आले आणि आज बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक रोगी पूर्ण बरे होतात. बी प्रकाराची गोष्ट तशी नाही. टेनोफोवीर, एन्टेकावीर यांसारख्या गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात, यकृताचे रक्षण करतात. पण त्याचा समूळ उच्छेद करीत नाहीत. गोळी थांबली की विषाणूने पुन्हा डोके वर काढण्याची भीती असते. याचे कारण त्या विषाणूच्या कावेबाज रचनेत आहे. त्याचा जनुकीय मजकूर अवघ्या ३,२०० अक्षरांचा आहे. इतक्या अल्प अक्षरांत त्याने चार जनुके एकमेकांवर अशी रचली आहेत की, तीच ओळ वेगवेगळ्या ठिकाणाहून वाचली असता वेगवेगळा अर्थ निघावा. यकृताच्या पेशीच्या गाभ्यात तो आपल्या या मजकुराची एक वर्तुळाकार प्रत दडवून ठेवतो, आणि आजची औषधे त्या प्रतीपर्यंत पोहोचत नाहीत. शिवाय तो आपल्या पृष्ठभागावरील प्रथिनाचे असंख्य रिकामे कण रक्तात सोडून देतो. शत्रूने खऱ्या सैन्यापुढे हजारो बुजगावणी उभी करावीत तसा हा प्रकार आहे. शरीराचे रक्षक वर्षानुवर्षे त्या बुजगावण्यांशी लढून अखेर थकतात. वैद्यकशास्त्र यालाच रक्षकपेशींची ग्लानी म्हणते.

या ग्लानीतून शरीराला जागे करण्यासाठी जी लस शोधली जात आहे, तिला उपचारक लस म्हणतात. सर्वसामान्य लस निरोग्यास देतात. चोर येण्यापूर्वी राखणदाराला त्याची ओळख पटवून द्यावी, एवढेच तिचे काम. उपचारक लस मात्र ज्याच्या घरात चोर शिरून वीस वर्षे झाली, त्या घरच्या झोपी गेलेल्या राखणदारास हलवून उठविण्यासाठी आहे. हे काम किती पटींनी बिकट आहे, हे निराळे सांगावयास नको. येथे केवळ रक्तात फिरणारी प्रतिद्रव्ये पुरत नाहीत. रोगग्रस्त पेशी ओळखून तिचा निःपात करणाऱ्या टी पेशी जागवाव्या लागतात.

याच ठिकाणी संगणकाचा प्रवेश होतो. 'संगणकाने लस तयार केली' अशा आशयाच्या बातम्या अलीकडे वारंवार प्रसिद्ध होतात. त्यांतले सत्य किती आणि अतिशयोक्ती किती, हे वाचकांनी समजून घेतले पाहिजे, म्हणूनच या विषयाला आम्ही आज ही जागा दिली आहे. टी पेशी विषाणूचे अख्खे प्रथिन पाहत नाही. पेशीच्या आत त्या प्रथिनाचे तुकडे होतात. बहुधा नऊ अमिनो आम्लांचा एकेक तुकडा, आणि तो पेशीच्या पृष्ठभागावरील एका खोबणीत बसवून बाहेर दाखविला जातो. ही खोबण ज्या रेणूत असते त्याचे नाव एचएलए. हिपॅटायटिस बीच्या साऱ्या प्रथिनांचे असे नऊ-नऊ अमिनो आम्लांचे तुकडे पाडले तर त्यांची संख्या दीड हजाराच्या घरात जाते. इकडे माणसामाणसांत एचएलएचे हजारो प्रकार आहेत. एकाच्या खोबणीत बसणारा तुकडा दुसऱ्याच्या खोबणीत बसेलच असे नाही. कोणता तुकडा कोणाच्या खोबणीत घट्ट बसेल, हे प्रयोगशाळेत एकेक करून पाहावयाचे म्हटले तर शास्त्रज्ञांच्या पिढ्या खपतील. पूर्वी मोजलेल्या लक्षावधी जोड्यांवरून शिकून संगणक हा निवाडा काही क्षणांत करतो. विषाणूच्या सर्व जातींत न बदलणारे तुकडे कोणते, मानवी प्रथिनांशी साधर्म्य असल्याने घातक ठरतील असे कोणते, हेही तो निवडून देतो. प्रथिनाची त्रिमितीय घडण वर्तविणाऱ्या संगणकीय पद्धतीला तर २०२४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात मान मिळाला. तेव्हा हा काही फुकाचा डामडौल नव्हे. सुपाने धान पाखडावे, फोल उडवून लावावे आणि दाणा तेवढा राखावा, तसे हे काम आहे, आणि ते संगणकावाचून होणार नाही.

या विद्येत महाराष्ट्राचा वाटा केवढा मोठा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? प्रथिनाचा कोणता भाग प्रतिद्रव्ये जागवील हे गणिताने वर्तविण्याची एक पद्धत १९९० साली पुणे विद्यापीठातील अशोक कोळसकर आणि प्रसाद टोंगावकर यांनी प्रसिद्ध केली. सुमारे ७५ टक्के अचूकतेने चालणारी ही पद्धत आजही जगभरच्या संशोधकांच्या वापरात आहे. दूर देशातला एखादा तरुण आपल्या संगणकावर विषाणूचे प्रथिन तपासतो, तेव्हा दोन मराठी नावे त्याच्या पडद्यावर उमटतात. पुढे याच विद्यापीठात कोळसकर आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचा अभ्यास केला आणि प्रथिनाची घडण लक्षात घेऊन असे भाग शोधण्याची दिशा दाखविली. त्याच पुण्यात १९५२ साली स्थापन झालेली विषाणू संशोधन संस्था आहे, जिने देशातील काविळीच्या साथींचा पाठपुरावा पिढ्यान्‌पिढ्या केला. त्याच पुण्यात, परदेशाने महासंगणक देण्यास खळखळ केली तेव्हा, १९८८ साली प्रगत संगणन विकास केंद्र उभे राहिले आणि १९९१ साली 'परम' हा स्वदेशी महासंगणक सिद्ध झाला. त्याचे शिल्पकार विजय भटकर हे तर आमच्या वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. विषाणू ओळखणारे, गणित मांडणारे आणि यंत्र बांधणारे असे तिघेही एका शहरात आहेत, आणि तरीही दीर्घकालीन काविळीवरील उपचारक लसीच्या बातमीसाठी आपण सातासमुद्रापलीकडे डोळे लावून बसतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, यापेक्षा वेगळे काय म्हणावे?

तथापि अभिमानाच्या भरात विवेक सोडणे हेही पाप आहे. संगणक जे देतो ती लस नव्हे. तो लसीचा आराखडा होय. घराच्या नकाशात कोणी राहू शकत नाही. नकाशावरून घर बांधावे लागते आणि बांधलेले घर पहिल्या पावसात गळते की नाही हे पाहावे लागते. याची साक्ष इतिहास देतो. १९९०च्या दशकात विषाणूच्या गाभ्यातील एकच तुकडा निवडून, तो ज्यांच्या खोबणीत बसतो अशाच रुग्णांना देण्याचा प्रयोग झाला. लस निर्धोक ठरली. पण जागलेल्या टी पेशी इतक्या दुबळ्या होत्या की विषाणू हटला नाही. पुढे किण्वाच्या पेशींत विषाणूची प्रथिने भरून केलेली एक लस गेल्या दशकात रुग्णांवर आजमावण्यात आली. तिनेही रक्तातील विषाणूप्रथिनाची पातळी उल्लेखनीय प्रमाणात खाली आणली नाही. क्यूबाने नाकावाटे द्यावयाची एक उपचारक लस सिद्ध केली, तिची मोठी चाचणी आपल्या शेजारी बांगलादेशात झाली आणि २०१५ साली क्यूबाने तिला मान्यता दिली; तिने आशा जागविली, परंतु समूळ रोगमुक्तीचा प्रश्न तिनेही सोडविलेला नाही. मेंदूज्वराच्या एका जंतूचा संपूर्ण जनुकीय मजकूर २००० साली वाचून संगणकाने लसीसाठी प्रथिने निवडून दिली होती. ती लस युरोपात मंजूर व्हावयास २०१३ साल उजाडले. आणि ती तर निरोग्यास द्यावयाची, म्हणजे तुलनेने सोपी लस होती. संगणकाच्या क्षणांना प्रयोगशाळेची आणि रुग्णालयाची अशी वर्षे जोडावी लागतात. दुर्दैवाने आपल्या देशात संगणकावर तुकडे जोडून निबंध प्रसिद्ध करावयाचा, पदवी अथवा बढती पदरात पाडून घ्यावयाची आणि ती लस पुढे परीक्षानळीतही उतरवावयाची नाही, अशी एक सोयीस्कर रीत पडत चालली आहे. कागदावर पिकलेल्या धानाने कोणाची हंडी भरत नाही.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे वळतो. संगणक जे शिकला ते कोणाच्या रक्तावरून शिकला? या विद्येतील मोजमापांचा मोठा भाग युरोप-अमेरिकेतील लोकांच्या एचएलएवर झालेला आहे. एचएलए ए-दोन या कुळाचेच उदाहरण घेऊ. युरोपात या कुळातला ०२:०१ हा प्रकार सर्वांत मोठ्या संख्येने आढळतो, म्हणून त्याचा अभ्यासही सर्वांत अधिक झाला. भारतीयांत मात्र याच कुळातील ०२:११ आणि त्याची इतर भावंडे मोठ्या प्रमाणात सापडतात. नावात अंकांचाच फरक दिसतो. पण खोबणीतला एवढासा फरकही कोणता तुकडा बसेल आणि कोणता निसटेल हे ठरवितो. विषाणूच्याही जाती आहेत. आपल्या देशात प्रामुख्याने डी आणि ए या जाती आढळतात. मग सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव येथील गोंड समाजाच्या खोबणी कशा आहेत? या तालुक्यांच्या रानात शतकानुशतके राहिलेल्या माणसांविषयी संगणकाजवळ जर पुरेशी माहितीच नसेल, तर त्याने निवडलेली लस त्यांना लागू पडेलच, हे कशावरून?

हा प्रश्न आमच्या शेतकऱ्याला विद्वानांपेक्षा लवकर समजेल. साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रात धानाच्या जाती का तपासल्या जातात? दुसऱ्या प्रांतात विक्रमी पीक देणारे वाण आमच्या हलक्या जमिनीत आणि आमच्या पावसात तसेच पिकेल असे नाही, म्हणून. पिशवीवरचे चित्र पाहून कोणी शहाणा शेतकरी सारी बांधी त्याच बियाण्याने पेरीत नाही. आधी एक वाफा लावून पाहतो. धानाच्या बाबतीत जे शहाणपण आपण पाळतो, ते माणसाच्या बाबतीत पाळू नये काय?

येथे आम्हांस एका घटनेचे स्मरण होते. हिपॅटायटिस बीचा शोध लागला कसा? अमेरिकन शास्त्रज्ञ बरूक ब्लुमबर्ग निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील भेद अभ्यासत होते. वारंवार दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागलेल्या एका रुग्णाचा रक्तद्रव आणि ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीचा रक्तद्रव एकमेकांसमोर येताच त्यांना एक अनोळखी प्रथिन दिसले. १९६५ साली ते 'ऑस्ट्रेलिया प्रतिजन' या नावाने प्रसिद्ध झाले, आणि तेच हिपॅटायटिस बी विषाणूचे पृष्ठप्रथिन ठरले. त्यातून रक्ताची तपासणी निघाली, १९८१ साली प्रतिबंधक लस निघाली. ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. ते सर्वस्वी योग्यच झाले. पण तो रुग्ण आणि तो आदिवासी मनुष्य जगाच्या स्मरणात कोठे आहेत? एक रक्त घेऊन जगणारा आणि एक रानात राहणारा, अशा या दोघांच्या रक्तावर ती सारी इमारत उभी राहिली.

आमच्या जिल्ह्यात हे दोघेही आहेत. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, आणि त्यातील अनेकांना वारंवार रक्त घ्यावे लागते. २०२३ सालच्या १ जुलै रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय अभियानाचा आरंभ झाला. त्यानिमित्ताने आदिवासी गावांतून रक्ताचे नमुने घेतले जात आहेत. उद्या एचएलएच्या अभ्यासासाठीही ते घेतले जावेत, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. परंतु त्याच श्वासात हेही सांगतो की, आदिवासींचे रक्त म्हणजे तेंदूपान नव्हे की, हंगामात यावे, पुडके बांधावे आणि ट्रक भरून न्यावा. ज्याचे रक्त घ्यावयाचे त्याला त्याच्या भाषेत, गोंडीत अथवा त्याच्या बोलीत, ते कशासाठी हे सांगितले पाहिजे. त्याची संमती अंगठ्याची नसावी, मनाची असावी. तपासणीचा निकाल त्याच्या हाती पडला पाहिजे. आणि त्या माहितीतून जी लस निघेल ती प्रथम त्याच्या गावी परवडणाऱ्या किमतीत पोहोचली पाहिजे. हे अशक्य नाही. हैदराबादच्या एका भारतीय संस्थेने १९९७ साली हिपॅटायटिस बीची पहिली स्वदेशी जनुकतंत्रज्ञानाधिष्ठित लस काढली, तेव्हा परदेशी लसीच्या चढ्या किमती कोसळल्या आणि श्रीमंतांची लस गरिबांच्या आवाक्यात आली.

आमचे हे विचार वाचून काही व्यवहारवादी मंडळी हसतील. ते म्हणतील, 'ज्या जिल्ह्यात पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवर घालून ओढा ओलांडावा लागतो, तेथे संगणकाच्या लसीच्या गप्पा कशाला?' हा आक्षेप आम्ही झिडकारीत नाही. उलट त्यातील अर्धे सत्य आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. उपचारक लस ही उद्याची गोष्ट आहे. आज जे हाती आहे ते न देता उद्याचे चित्र दाखविणे ही वंचना होय. आज हाती काय आहे? जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत बालकाला द्यावयाचा हिपॅटायटिस बी लसीचा एक डोस. जन्माच्या वेळी ज्या बालकांना हा संसर्ग होतो त्यांच्यापैकी शंभरांतील नव्वदांचा रोग कायमचा होतो. धडधाकट प्रौढास संसर्ग झाला तर शंभरांत पाचांचाही होत नाही. याचा अर्थ असा की, रोगाचे भवितव्य त्या पहिल्या चोवीस तासांत ठरते. ही लस देशभरच्या लसीकरणात २०११-१२ पर्यंत सामावून घेण्यात आली आहे. पण चोवीस तास म्हणजे चोवीस तास. घरी झालेल्या बाळंतपणात, सुट्टीच्या दिवशी, दूरच्या पाड्यावर ते चोवीस तास निघून गेले, तर पुढची कोणतीही महागडी लस ते परत आणू शकत नाही.

दुसरी गोष्ट सुईची आणि रक्ताची. गुजरातमधील मोडासा येथे २००९ साली हिपॅटायटिस बीची जी भीषण साथ आली, तिच्या मुळाशी वापरलेल्याच सुया पुन्हा वापरण्याचा अपराध होता. कित्येक डझन माणसे त्यात प्राणांस मुकली. थंडीतापाला इंजेक्शन मारून मागणारा रोगी आणि तीच सुई धुऊन वापरणारा भोंदू डॉक्टर ही जोडी आमच्या खेड्यांतूनही अपरिचित नाही. २०२२ साली नागपुरात थॅलेसेमियाने पीडित बालकांना घेतलेल्या रक्तातून बाधा झाल्याचे वृत्त आले आणि सारा विदर्भ हादरला. रक्तपेढीतील प्रत्येक पिशवीची कसोशीने तपासणी हा सिकलसेलच्या रुग्णाचा हक्क आहे, उपकार नव्हे.

तिसरी गोष्ट औषधाची. केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याअन्वये बी आणि सी या दोहोंची तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. पण ती घ्यावयास रोगी आधी सापडला पाहिजे, आणि सापडलेला रोगी टिकला पाहिजे. बी प्रकारात बहुतेकांना गोळी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते. केशोरीच्या किंवा चिचगडच्या मजुराने दर महिन्यास एक दिवसाची मजुरी बुडवून आणि भाडे खर्चून गोंदियाला यावे, ही अपेक्षा कागदावर शोभते. रोवणीच्या दिवसांत ती टिकत नाही.

आणि चौथी गोष्ट, जी सरकारच्या नव्हे, आपल्या सर्वांच्या हाती आहे. रक्ततपासणीत 'बी' निघाला म्हणून मुलीचे लग्न मोडते, तरुणाची नोकरी हुकते, घरात त्याचे ताट-तांब्या वेगळे होतात. हा रोग एकत्र जेवल्याने पसरत नाही, हात हाती घेतल्याने पसरत नाही, शेजारी बसल्याने पसरत नाही. घरातल्या इतरांनी लस टोचून घेतली की भय उरत नाही. असे असता रोग्याला वाळीत टाकणाऱ्या समाजात कोणता शहाणा माणूस स्वतः होऊन तपासणीला पुढे येईल? जो तपासलाच गेला नाही, त्याच्यासाठी जगातल्या साऱ्या संगणकांनी मिळून लस काढली तरी ती कोणाच्या दंडात टोचावयाची?

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. आजचे काम आणि उद्याचे काम ही परस्परविरोधी नाहीत. एकाच रस्त्याची ती दोन चाके आहेत, आणि एक चाक काढून गाडी चालत नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून हा जिल्हा वेगळा झाला. २०१६ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हे महाविद्यालय केवळ डॉक्टर घडविणारी शाळा न राहता या प्रश्नाचे विद्यापीठ व्हावे. पुण्याची विषाणू संशोधन संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि प्रगत संगणन विकास केंद्र यांच्याशी हात मिळवून त्याने या जिल्ह्यातील दीर्घकालीन काविळीच्या रुग्णांची, त्यांच्या विषाणूच्या जातींची आणि त्यांच्या एचएलए प्रकारांची नोंद संमतीने आणि सन्मानाने करावी. संगणकावरील निबंधांना पैसा देणाऱ्या संस्थांनी यापुढे अशी अट घालावी की, निवडलेले तुकडे निदान भारतीय रुग्णांच्या रक्तातील पेशींवर तपासून दाखविल्याशिवाय 'लस' हा शब्द कोणी उच्चारू नये. जिल्हा परिषदेने प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात जन्मडोसाचा हिशेब दर महिन्यास फळ्यावर लिहावा: किती बालके जन्मली, किती बालकांना चोवीस तासांत लस मिळाली. प्रत्येक गरोदर मातेची तपासणी व्हावी, आणि औषध जिल्ह्याच्या ठिकाणी न अडखळता तालुक्यापर्यंत पोहोचावे. यांतली एकही मागणी चंद्र मागण्यासारखी नाही.

२०३० सालापर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याचा धोका म्हणून उरू नये, असा संकल्प जगाने २०१६ साली केला आहे. तो संकल्प मुंबईच्या सचिवालयात अथवा दिल्लीच्या सभागृहात सिद्धीस जाणार नाही. दरेकशाच्या डोंगरापलीकडे एखाद्या पाड्यावर आज रात्री जे मूल जन्मेल, त्याला उद्या रात्रीच्या आत लस मिळते की नाही, यावर त्याची परीक्षा होणार आहे. आणि त्या मुलाची आई जर आधीच रोगग्रस्त असेल, तर तिच्यासाठी विद्वानांनी संगणकापुढे बसून चालविलेला शोध तिच्या स्वतःच्या रक्ताला ओळखणारा असेल की नाही, हा त्या परीक्षेचा दुसरा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या हाती आजच आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधावयास आजच आरंभ केला, तर त्या आईची नात कदाचित विचारील की, पिलियाने माणसे मरत होती म्हणतात, ते खरे काय? तो दिवस लवकर यावा, एवढीच आमची इच्छा आहे. आणि तो यावा म्हणून काम करणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.